कडेचा ठोकळा

भाऊजींनी जेवणाच्या टेबलावरच जाहीर करून टाकलं. "केमोचे डॉक्टर काय म्हणाले ते मला कळलं नाही आणि इंटरनेटवर काय लिहिलंय ते मला कळून घ्यायचं नाही. वहिनी सांगतील तसं करायचं. विषय संपला."

विषय संपला असं म्हणणारी माणसं तो विषय बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळी होतात. वहिनींचा घास हातातच राहिला. समोर बसलेली धाकटी जाऊ, भाऊजींची बायको, ताटाकडे बघत होती आणि शेजारी नवरा भिंतीकडे. आपल्या भावाबद्दल काही बोलायची वेळ आली की तो नेहमी भिंतीकडेच बघायचा.

घरात डॉक्टर म्हणून एकट्या वहिनी. कुणाचा गुडघा धरला, कुणाला पित्त झालं, की फोन त्यांना. खरं तर जिवंत माणसाला हात लावून त्यांना वर्षं लोटली होती. रुग्णालयाच्या तळमजल्यावर त्यांचा विभाग होता. वर ऑपरेशनमध्ये कापून काढलेले तुकडे तिथे येत आणि वहिनी त्यांचे पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगत, काय आहे आणि किती वाईट आहे. "वहिनींचे पेशंट फार गुणी," भाऊजी पाहुण्यांना सांगायचे. "कितीही ताटकळत ठेवलं तरी चिडत नाहीत."

आता भाऊजींच्याच मोठ्या आतड्याचा एक तुकडा त्या तळमजल्यावर जाऊन आला होता. गाठ कॅन्सरची होती, पण पूर्ण निघाली होती. शेजारच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. रिपोर्ट विभागप्रमुखांनी लिहिला होता, कारण घरच्या माणसाची काच घरच्याने वाचायची नाही असा दंडक आहे आणि तो चांगला आहे. त्या रिपोर्टात शेवटी एक ओळ होती: गाठीच्या कडेला काही सुट्या पेशी दिसतात. या एका ओळीमुळे केमोचे डॉक्टर अडले होते. घेतलीत तर उत्तम, म्हणाले, नाही घेतलीत तरी फार चूक नाही. पण त्यातल्या एका औषधाने बोटांची संवेदना जाते, कधी परत येते, कधी येत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं. मोहरीएवढे स्क्रू ते बोटाच्या टोकाने उचलत आणि न बघता दांडीत बसवत. बोटं गेली की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की भाऊजींमध्ये काय उरेल याची कल्पना घरात कुणालाच करवत नव्हती.

"मी स्वतः बघते आणि सांगते," वहिनी म्हणाल्या.

"बघा!" भाऊजी म्हणाले. "चष्मा लागला तर मी आहेच."

वहिनींनी हे उगाच म्हटलं नव्हतं. त्यांचा अभ्यासच या गोष्टीचा होता. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, आणि धरायला त्यांच्याकडे एक प्रथिन असतं. विभागात त्याला सगळे डिंक म्हणत. हा डिंक तयार करायचा हुकूम एका जनुकाकडे असतो. कॅन्सर झाला म्हणजे ते जनुक मोडतंच असं नाही. पुष्कळदा ते जागच्या जागी धडधाकट असतं, फक्त पेशीतलीच दुसरी जनुकं त्याच्या तोंडात बोळा कोंबतात. जनुक गप्प, डिंक बंद आणि पेशी मोकळी. मग ती शेजारणीचा हात सोडते आणि चालू लागते. एका जागी बसलेली गाठ सर्जन कापून काढू शकतो. निघून गेलेल्या पेशींचं काय करायचं, हे मात्र अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही. तो बोळा काढणारं औषध शोधण्यात वहिनींची कितीतरी वर्षं गेली होती.

डिंक आहे की नाही ते बघायला एक रंग असतो. आहे तिथे काच तपकिरी होते, नाही तिथे फिकी राहते. वहिनींनी भाऊजींच्या गाठीवर तो रंग करायला सांगितला. गाठ कापून तिचे तुकडे मेणाच्या वेगवेगळ्या ठोकळ्यांत बसवलेले असतात, काही मधले, काही कडेचे. कुठल्या ठोकळ्यावर रंग करायचा ते वहिनींनी सांगितलं नाही, कारण ते कुणीच सांगत नसे. विभागाची वर्षानुवर्षांची रीत होती: रंगासाठी सगळ्यात भरलेला ठोकळा घ्यायचा, ज्यात गाठ जास्त आणि बाकीचं कमी. कडेच्या ठोकळ्यात चरबी फार, कापताना चुण्या पडतात, काच वाया जाते. ही रीत कष्ट वाचवायला पडली होती आणि तिने खरोखरच पुष्कळ कष्ट वाचवले होते.

काच आली ती इतकी देखणी की वहिनी पाहतच राहिल्या. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ, रेघेला रेघ जोडलेली, कुठे म्हणून खंड नाही. जनुक बोलत होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. रिपोर्टातल्या त्या ओळीचंही उत्तर त्यांनी स्वतःच देऊन टाकलं: कापताना कड विस्कटते, विस्कटलेल्या पेशी सुट्या दिसतात. कडेची काच मागवून बघावी असं त्यांच्या मनात आलं नाही. जे बघायची इच्छा होती ते दिसल्यावर माणूस आणखी कशाला बघेल!

त्या रविवारी त्यांनी सांगितलं, "नको केमो. डिंक शाबूत आहे."

धाकटीने पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याने पहिल्यांदा भिंत सोडून भावाकडे बघितलं. भाऊजी मात्र गंभीर चेहरा करून म्हणाले, "म्हणजे इतके दिवस माझ्या पोटात गोंदाची बाटली होती आणि मला कुणी सांगितलंही नाही." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं.

दोन महिने बरे गेले. बरे गेले असं त्या घरातल्यांना वाटलं, एवढंच खरं.

विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे आजोबा म्हणत. वयाने ते तसे नव्हते, पण बोलायला इतका वेळ घेत की ऐकणाऱ्याचं वय वाढावं. विद्यार्थ्यांना शिकवायच्या काचा ते स्वतः निवडत. एका दुपारी त्यांनी वहिनींना हाक मारली. त्यांच्या खोलीत समोरासमोर दोन माणसांना एकच काच बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता, आणि आत एक हिरवा बाण फिरवता येत असे.

"बस. ही दाखवायला बरी आहे का बघ."

वहिनींनी डोळे लावले. हिरवा बाण गाठीच्या पोटातून सावकाश बाहेर सरकला. आधी नीट गोल बसलेल्या पेशी आल्या. मग गोल तुटू लागले. मग गाठ संपली, आणि संपल्यावरही ती संपली नव्हती. पुढच्या मोकळ्या जागेत चार पेशींचा घोळका होता. त्याच्यापुढे दोघी. त्यांच्यापुढे एकटी, लांबोडकी झालेली, जणू कुणीतरी तिला पुढून ओढत होतं. अशा कितीतरी. एक तर बारीकशा रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून उभी होती.

"सुंदर," वहिनी म्हणाल्या. या धंद्यात भयंकर गोष्टीला सुंदर म्हणायची वाईट खोड लागते. "इतकी स्पष्ट मी बघितलीच नव्हती. कुणाची केस?"

आजोबांनी डोळे वर केले. 

"तुझ्या दिराची," ते म्हणाले. "मी लिहिलं होतं ना रिपोर्टात. मला वाटलं, तू बघितली असशील."

"मी डिंकाचा रंग केला होता. पूर्ण आला."

"कुठल्या ठोकळ्यावर?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. त्या हिरव्या बाणाचं टोक अजून रक्तवाहिनीजवळच होतं, आणि त्यांना वाटलं, आपण हा बाण हलवला नाही तर निदान ती पेशी तरी तिथेच थांबेल. असा खुळा विचार एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेही केला नसता.

त्यांनी कडेच्या ठोकळ्यावर रंग करून घेतला. मधून आलेला तपकिरी पट्टा कडेपाशी फिका झाला आणि सुट्या पेशींपाशी पार पुसला गेला. त्यांनी त्या पेशींतलं जनुकही तपासून घेतलं. त्यात कणाचाही बिघाड नव्हता. ते तिथेच होतं, धडधाकट, आणि गप्प होतं. गाठीच्या पोटातल्या पेशींना निघायची गरजच नव्हती म्हणून त्या डिंक बाळगून होत्या. ज्या निघणार होत्या त्यांनी तो सोडला होता, आणि वहिनींनी नेमकं न निघणाऱ्यांना विचारलं होतं, तुम्ही निघणार का?

केमो वेळेत सुरू झाली तरच तिचा पुरता उपयोग. ती वेळ टळली होती. वहिनी त्याच संध्याकाळी दुकानात गेल्या. आणखी एक दिवस गेला तर आपल्याच्याने हे बोलवणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुकानात एक म्हातारी बाई चौथी फ्रेम नाकावर चढवून आरशात बघत होती. "मी घुबडासारखी दिसते का हो?" तिने विचारलं. "घुबडाला दिसतं तरी, आजी," भाऊजी म्हणाले. बोलता बोलता त्यांचं बोट बशीतल्या स्क्रूवर गेलं, स्क्रू बोटाला चिकटून वर आला आणि दांडीच्या भोकात जाऊन बसला. त्यांची नजर सगळा वेळ म्हातारीकडेच होती.

म्हातारी गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दरवाजा जरा लावून घेता?"

"का हो? धाड पडणार आहे?" पण त्यांनी वहिनींचा चेहरा बघितला आणि निमूटपणे उठून दरवाजा लावला.

वहिनींनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. रीत कशी होती हेही सांगितलं, पण रीतीवर ढकललं नाही. "मला बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. मी चुकले."

भाऊजी हातातला बारीक पेचकस बोटांत फिरवत राहिले. "म्हणजे त्या निघाल्यात?"

"निघायच्या तयारीत तर होत्याच. काही ऑपरेशनच्या आधीच गेल्या असतील."

"कुठे?"

"रक्तातून गेल्या तर आधी यकृत लागतं."

"आणि आत्ता, तुम्ही आणि मी इथे बसलोय, तेव्हा त्या काय करत असतील?"

हा प्रश्न वहिनींना आजवर कुठल्या परिषदेत कुणी विचारला नव्हता. "बहुतेक काहीच नाही," त्या म्हणाल्या. "चालणारी पेशी फारशी वाढत नाही. पोचली की गप्प बसून राहते. कुठल्याच तपासणीत दिसत नाही."

"मग तुमचं ते औषध? जनुकाच्या तोंडातला बोळा काढायचं? इतकी वर्षं आम्ही ऐकतोय त्याच्याबद्दल."

इथे वहिनींना खोटं बोलता आलं असतं. भाऊजींना कळलं नसतं.

"ते आता देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आतड्यातच असत्या तर डिंक परत आलेला बरा, त्या जागच्या हलल्या नसत्या. पण दुसरीकडे पोचल्यावर उलटं होतं. डिंक मिळाला की त्या एकमेकींना धरतात, आणि धरल्या की वाढायला लागतात. घर करायला त्यांना तोच लागतो."

"आणि औषध नाही दिलं तर?"

"तर कधीतरी त्या स्वतःच बोळा काढून टाकतात. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही."

बाहेरून कुणीतरी दरवाजा वाजवला, बंद आहे असं बघून निघून गेलं. भाऊजींनी पेचकस बशीत ठेवला.

"आता केमो घ्यायची का, हे या वेळी तुम्ही नका सांगू हं, वहिनी," ते म्हणाले. "आम्ही दोघं ठरवू. आणि यापुढे माझं काही तुमच्या तळमजल्यावर आलं, तर तुम्ही बघायचं नाही. दुसऱ्या कुणाला बघू दे."

ते रागाने बोलले असते तर वहिनींना सोसलं असतं. ते अगदी सांभाळून बोलले, एखाद्या गिऱ्हाइकाला काच फुटल्याचं सांगावं तसं.

त्यांनी केमो घेतली. उशिरा का होईना, निदान काहीतरी केलं असं होईल, म्हणून घेतली. बोटं हळूहळू गेली. आधी गार वस्तू हातात धरवेना, मग शर्टाची बटणं लागेनात. स्क्रू आता धाकटी बसवू लागली. भाऊजी शेजारी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी बोलत, आणि तिच्या हातून स्क्रू पडला की दोघंही गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकून शोधत. वहिनी एकदा डबा घेऊन गेल्या तेव्हा धाकटी वर न बघता म्हणाली, "ताई, मी तुमच्यावर चिडलेय असं नाही. पण तुम्ही इतकं खात्रीने सांगितलं होतं. खात्री नव्हती तर तसं म्हणायचं होतं." वहिनींनी डबा ठेवला.

केमो संपल्यावर स्कॅन झाला. यकृतात एक ठिपका होता, इतका लहान की डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनही असू शकतो, थांबून बघू. सगळं घर थांबून बघू लागलं. भाऊजी विनोद करत, पण आता विनोद झाल्यावर कोण हसतंय ते बघत नसत. वहिनी विभागात बसून इतरांच्या काचा वाचत. प्रत्येक केसला त्या आता कडेचा ठोकळा मागत, आणि चुण्या पडतात म्हणून कुणी कुरकुर केली तर अंगावर जात. भाऊजींचं शरीर त्यांना बाहेरून रोज दिसत होतं, दाढी केलेलं, इस्त्रीचा शर्ट घातलेलं. आत कुठेतरी ठिपक्याएवढ्या जागेत कुणीतरी बोळा काढत असेल किंवा नसेल, आणि जगातला कुठलाही सूक्ष्मदर्शक तिथवर पोचत नव्हता.

पुढच्या स्कॅनमध्ये ठिपका वाढला होता. सुई घालून नमुना घेतला आणि तो वहिनींच्या विभागात आला, कारण दुसरीकडे जायला तो कुठे जाणार! भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे वहिनींनी त्याला हात लावला नाही. त्या आपल्या खोलीत बसल्या आणि समोरच्या काचेवरचं काहीही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

आजोबा स्वतः दारात आले. "बघतेस?"

"नाही. मी शब्द दिलाय."

"मग नुसती ये. बस."

त्या जाऊन खुर्चीवर बसल्या, डोळे न लावता. आजोबांनी काच नीट बसवली. मग म्हणाले, "तुझा रंगही केलाय मी. गडद आलाय. सगळीकडे."

वहिनींनी मान हलवली. त्यांना आणखी काही ऐकायची गरज नव्हती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भाऊजी होते.

"वहिनी, आला का हो रिपोर्ट?"

"काच आलीय. सर बघतायत."

"तुम्ही नाही बघितली?"

"नाही, भाऊजी. तुम्ही नको म्हणाला होतात."

पलीकडे दुकानाचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी विचारलं, धाकटी काहीतरी बोलली. भाऊजी तिथून लांब गेले असावेत, कारण मग शांत झालं.

"तुम्हीच बघा हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "त्या दिवशी मी बोलून गेलो. दुसऱ्या कुणाकडून हे ऐकायचं म्हटलं तर मला फार भीती वाटते."

वहिनींनी फोन कानाशी तसाच धरला आणि पुढे वाकून डोळे लावले. आजोबांनी बाण बाजूला घेतला. यकृताच्या मधोमध त्या बसल्या होत्या, गोल करून, एकमेकींना घट्ट धरून, प्रत्येकीभोवती तपकिरी रेघ. वहिनींनी कडेपर्यंत बघितलं. या वेळी एक कोपराही सोडला नाही. पलीकडून भाऊजींच्या श्वासाचा आवाज येत होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "घर केलंय त्यांनी."

"बरं," भाऊजी म्हणाले. मग म्हणाले, "फोन ठेवू नका इतक्यात."